दोन बोटांची जागा

आगाशे गेल्याची तार माझ्या हातात पडली तेव्हा मी आलापल्लीच्या पुढच्या जंगलात तोडीच्या सागांवर खुणा करत होतो. तार लाकडाच्या डेपोवर कधीच येऊन पडली होती. ती घेऊन निघालेल्या गार्डाला त्याच्या सायकलीनं वाटेत दगा दिला, आणि मला कळेपर्यंत नागपूरला सगळं उरकलंही होतं. मी तार वाचली, घडी करून खाकी शर्टाच्या खिशात ठेवली आणि पुढच्या झाडाला खुणेचा हातोडा मारला. गार्डानं विचारलं, "काई वाईट खबर हाये का जी?" मी म्हणालो, "एक ओळखीचे गृहस्थ वारले." ओळखीचे गृहस्थ! ज्या माणसाशी मी तो इकडे असेपर्यंत दर रविवारी बसून भांडलो, ज्याच्या घरची आमटी माझ्या घरच्यापेक्षा जास्त खाल्ली, त्याला मी त्या दिवशी ओळखीचे गृहस्थ म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत झाडं मोजत राहिलो. त्याला आता काही आठवडे झाले. अजून डोळ्यांत पाणी आलेलं नाही. बायको माझ्याकडे काळजीनं बघते, ताटात भाजी जास्त वाढते. मी जेवतो. झोपही लागते. आत काहीतरी बधिर झालंय एवढंच कळतं, आणि ते नेमकं कुठे ते सापडत नाही...

आगाशे आमच्या चांदा जिल्ह्यात आले ते वैनगंगेच्या अलीकडे बांबूचा लगदा करणारा एक कारखाना उभा राहत होता तेव्हा. बांबू शिजवायच्या मोठ्या पिपांपर्यंत बॉयलरची वाफ न्यायची, गरम रसायनं इकडून तिकडे खेळवायची, आणि हे सगळं पाइपांतून. ते पाइप आखायचे आणि बांधून घ्यायचे हे आगाश्यांचं काम. साताऱ्याकडचा किडकिडीत माणूस. आमच्या मे महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावणारा. मी जंगलचा रेंजर, म्हणून पहिल्यांदा माझ्याकडे आले ते सागवान मागायला. लोखंडाची तेव्हा अशी टंचाई की पाइपापुरतं मिळालं तरी नशीब, म्हणून पाइप पेलायचे खांब आणि तुळया सागाच्या करायचं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, "साहेब, आमच्या सागाची लोक पलंग-कपाटं करतात, तुम्ही त्याच्यावर नळ ठेवणार?" ते अजिबात हसले नाहीत. "नळ नाही, वाफेची लाइन आहे. तुमच्या पलंगापेक्षा तिची झोप जास्त सावध लागते." तेव्हाच मला कळलं, या माणसाशी आपलं जमणार.

त्यांना एक सवय होती. कशाखालीही जाण्याआधी ते थांबून वर बघायचे. कारखान्यात पाइपाखाली ठीक आहे, पण जंगलातसुद्धा झाडाखाली डबा उघडायच्या आधी मान वर! मी त्यांना चिडवायचो, "अहो, फांदी पडायची असेल तर आधी रेंजरला कळवते ती." ते बघणं संपवूनच बसायचे. ही सवय कुठून आली ते पुढे एकदा माझ्या ओसरीवर त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पूर्वी दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या कारखान्यात, त्यांच्या हाताखालचा एक फिटर वाफेचा जोड सुटून भाजून मेला होता. चूक कुणाची, जोड कसला, यातलं काही ते बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याच्या घरी सांगायला मी गेलो होतो. त्याची बायको भाकरी थापत होती. मी सांगितलं, तिनं ऐकलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली." मग सुपारी कातरू लागले. "रेंजरसाहेब, मला पुन्हा असं कुणाच्या दारात जायचं नाही. माझ्या लाइननं माणूस मरता कामा नये. बाकी नोकरी गेली तरी चालेल."

त्यांच्या टेबलावर कोड नावाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असायचं. पाइपाची जाडी किती, जोड कसा, दाब किती, तपासणी कशी, सगळे नियम त्यात. मी एकदा म्हटलं, "तुमची पोथी दिसते." तर म्हणाले, "पोथीत पुण्य मिळतं. यातलं एकेक कलम कुणाच्या तरी घरी वाईट बातमी गेल्यावर लिहिलं गेलंय." माणूस तसा कोरडा, पण अधूनमधून असं काही बोलून जायचा.

लाइन उभी राहत आली तेव्हा मी बघायला गेलो. बॉयलरकडून सरळ आलेला पाइप मध्येच काटकोनात वळून बाहेर गेला होता, परत आत आला होता आणि मग पुढे. मी म्हटलं, "सरळ रस्ता सोडून हा वळसा कशाला? ठेकेदार तुमचा मेहुणा लागतो का?" तेव्हा त्यांनी मला समजावलं. वाफ आत आली की पाइप तापतो आणि लांब होतो. दोन्ही टोकं पक्की बांधलेली, मग वाढलेली लांबी जाणार कुठे? ती या वळशात जिरते. म्हणून वळशाखालच्या तुळईवर पाइप बांधायचा नाही, नुसता ठेवायचा, खाली लोखंडी पट्टी, वर ग्रीस, आणि बाजूला दोन बोटं मोकळी जागा. "सगळी लाइन त्या दोन बोटांवर उभी आहे," ते म्हणाले. खालून बांबूच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बाया ये-जा करत होत्या. आगाशे त्यांच्याकडे बघत होते.

मग उन्हाळा लागला, नदी आटली, आणि मॅनेजरला उद्घाटनाची घाई झाली. लाइन वापरायच्या आधी ती पाण्यानं गच्च भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन बघायची असते. मॅनेजरचं म्हणणं, पाणी कुठून आणणार, हवा भरून बघा की! आगाशे म्हणाले, "दाबलेलं पाणी फुटलं तर गळतं. दाबलेली हवा फुटली तर पाइपाचे तुकडे उडतात. मी हवा भरणार नाही." मॅनेजरनं आवाज चढवला, वरपर्यंत तक्रार गेली, पण हा माणूस हटला नाही. शेवटी गावोगावच्या बैलगाड्यांवर पिपं लादून पाणी आणलं. लाइननं दाब धरला. जोडावरून थेंबही गळला नाही. त्या दिवशी आगाशे माझ्याकडे जेवायला आले आणि मुकाट्यानं दोनदा भात मागून घेतला. इतका खुश मी त्यांना कधी पाहिला नाही.

उद्घाटनाला मी मांडवात पुढच्या रांगेत होतो. नागपूरहून पाहुणे आले होते, हार-तुरे झाले, सनईवाले बसले होते. आगाशे मांडवात नव्हतेच, ते तिकडे वळशापाशी मान वर करून उभे. बॉयलरवाल्यानं व्हॉल्व्ह किंचित उघडला. लाइन हळूहळूच तापवायची असते. पाइप तापू लागला, आत वाफेचं झालेलं पाणी खालच्या तोटीतून निघू लागलं, आणि तुळयांतून करकर असा आवाज आला. नवं लाकूड आहे, बोलणारच, असं मला वाटलं. आगाश्यांनी एकदम हात वर केला आणि वाफ बंद करायला लावली. मॅनेजर धावत आले. "आगाशे, पाहुणे बसलेत!"

"बसू द्या. पाइप सरकत नाहीये."

एवढंच. आधी त्यांनी खालच्या बायांना लांब घालवलं, मग शिडी लावून स्वतः वर चढले. जी दोन बोटं मोकळी ठेवली होती, तिथे दोन्ही बाजूंनी सागाच्या पाचरी ठोकलेल्या होत्या. आणि काय सुबक पाचरी! रंधा मारून, कोन साधून, नख शिरणार नाही अशा बसवलेल्या. त्या ठोकल्या होत्या डोमाजी सुतारानं. खांब-तुळया त्याच्याच हातच्या. पाण्याच्या तपासणीत पंपाच्या धक्क्यानं पाइप थरथरलेला त्यानं पाहिला होता आणि त्याच्या जिवाला घोर लागला होता. "पाइप हालून राह्यला होता जी," तो हात जोडून म्हणाला. "मले वाटलं एखांद्या दिवशी पडन बायायच्या आंगावर. मनून पाचरी मारल्या. मी तं चांगल्यासाठीच केलं साहेब."

मॅनेजरनं त्याला तिथेच, सनईवाल्यांसमोर, कामावरून काढलं. आगाशे शिडीवरून उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा. पाइप कसा धरायचा ते मी याला शिकवलं. कुठे सोडायचा ते सांगायला विसरलो." मग डोमाजीला घेऊन तुळईखाली बसले. "डोमाजी, गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतोस, तेव्हा काय करतोस?"

"गोवऱ्यायचा जाळ करून तापवतो जी. तापली का फुगते, मंग चाकावर बसते."

"हा पाइपही तसाच फुगतो. पण याला फुगायला जागा पाहिजे. तू ती बुजवलीस."

डोमाजीनं वर पाहिलं. मग आपल्या पाचरींकडे पाहिलं. "अरे बापा..." म्हणाला, आणि हातोडी आणायला उठला.

पाइप निवल्यावर पाचरी काढल्या, तेव्हा टोकाच्या जोडाच्या शिवणीत केसाएवढी चीर निघाली. पूर्ण वाफ सोडली असती तर ती तिथेच फाटली असती, आणि त्या जोडाखालूनच बायांची वाट होती. जोड नवा केला, पुन्हा बैलगाड्या, पुन्हा पाण्याची तपासणी. पाहुणे केव्हाच नागपूरला परतले होते. लाइन सुरू झाली ती सनईशिवाय. डोमाजीची नोकरी राहिली. आगाश्यांची राहिली नाही. तसं कुणी काढलं नाही, पण वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांना नागपूरच्या कचेरीत खुर्चीवर नेऊन बसवलं, जिथे आखायला पाइप नव्हता. मला राग आला होता, मी बोललोही. ते म्हणाले, "कुणाच्या दारात जावं लागलं नाही ना? मग झालं."

त्याच कचेरीतून दुपारी घरी आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले. सुमतीवहिनींना भेटायला मी नागपूरला गेलो, तेव्हा वहिनी शांत होत्या. चहा केला, आलापल्लीला थंडी पडली का विचारलं. मीही पडली म्हणून सांगितलं. आम्ही दोघं असे बोलत होतो जणू आगाशे बाहेर गेलेत आणि येतीलच. निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला रडूच येत नाही हो." मी म्हटलं, "मलाही नाही." त्यांना त्यानं बरं वाटलेलं दिसलं.

येताना वाट वाकडी करून कारखान्यात उतरलो. सोमवारची सकाळ होती, सुट्टीनंतर पुन्हा वाफ सोडायची वेळ. वळशाच्या अलीकडे वाटेवर एक दोरी आडवी बांधलेली, आणि दोरीच्या बाहेर सगळे उभे. फिटर, हमाल, बांबूच्या मोळ्या जमिनीवर उतरवून ठेवलेल्या बाया. कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर. मला वाटलं, आगाश्यांची बातमी आज इथे पोचली असावी, आणि ही माणसं त्यांच्यासाठी उभी आहेत. मीही टोपी काढली.

शेजारी डोमाजी होता. मी हळूच विचारलं, "आज कळलं का रे तुम्हाला?"

"साहेबाचं? ते तं कवाच कळलं जी." त्यानं वरची नजर काढली नाही. तुळईवर खडूच्या दोन रेघा होत्या, एक थंड पाइपाची, एक गरम पाइपाची. "हे तं दर सोमवारचं हाये. पाइप त्या रेघेवर पोचेपर्यंत दोरीच्या आत कोनी जात नाई. साहेबानं लावून देलं होतं. आता कोनी सांगत नाई, तरी कोनी जात नाई."

आम्ही उभे राहिलो. बराच वेळ लागतो त्याला. मग पाइप हळूच सरकू लागला, ग्रीसवरून, कसलाही आवाज न करता, दोन बोटं. डोमाजीनं ओरडून सांगितलं, "पोचला!" बायांनी मोळ्या डोक्यावर घेतल्या, एकमेकींशी बोलत, हसत, त्या पाइपाखालून निघून गेल्या. एकीनंही वर पाहिलं नाही.