अस्तराची चिंधी

बुडालेली जहाजं उचलणाऱ्या जहाजावर मी रिगर, म्हणजे वजन उचलायचे दोर बांधणारा, आहे. आईच्या भाषेत, "दुसऱ्याचं बुडालं की आमच्या पोराचं काम निघतं." बेलवलीतल्या अर्ध्या आळीला ती हे सांगून आली आहे. स्वतः उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, हे मात्र चारचौघांत कधी सांगत नसे.

त्या कारखान्याच्या चिंध्या अंबरनाथच्या वर्कशॉपमध्ये हात पुसायला यायच्या. मी तिथेच तारेच्या दोरांचं काम शिकलो. आमचे उस्ताद तपासणीत नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नसत. खिशाच्या अस्तराची पातळ चिंधी दोराभोवती धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायची. कुठे तार तुटलेली असली की कापड अडकतं. मी जहाजावर निघालो तेव्हा आईने पिशवीभर अस्तर बांधून दिलं. चकल्या त्याखाली चेंगरून गेल्या.

डेकवर सगळे हसले. खलाशांचा म्होरक्या, म्हणजे सारंग, म्हणाला, "अरे, ही फडकी कसली? लादी पुसायला ठेवलाय का तुला?" मला राग लवकर येतो, पण नोकरी नवी होती. गिळला.

तिसऱ्या आठवड्यात खाडीच्या तोंडाशी बुडालेला एक बार्ज, म्हणजे सपाट तळाचा मालवाहू पडाव, उचलायचा होता. क्रेनने त्याचं एक टोक वर धरायचं आणि दोन पाणबुड्यांनी खालून दुसरा दोर ओवायचा. सगळं ओहोटी लागायच्या आत. पहिला दोर हुकाला लावण्याआधी मी सवयीने चिंधी फिरवली. वीतभर अंतरात ती तीनदा अडकली. ग्रीसखाली डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

"हा दोर चालणार नाही," मी म्हणालो.

"सर्टिफिकेट आहे त्याचं. तुझ्या चिंधीपायी भरती घालवू?"

"घालवा, सारंगसाहेब. नाहीतर मला घरी पाठवा. खाली माणसं जाणार आहेत, मी हा हुकाला लावणार नाही."

सारंगने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग माझ्या हातातली चिंधी घेऊन स्वतः ओढली. तिथेच अडकली. त्याने ग्रीस पुसून दोराचा पीळ सोडवला, तर वरच्याच नाही, आतल्या ताराही गंजून तुटलेल्या. भरती गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी नव्या दोराने बार्ज वर आला आणि दोन्ही पाणबुडे माझ्याशेजारी बसून चहा प्यायले. तेवढा अभिमान मला पहिल्या पगाराचाही वाटला नव्हता.

मी सुट्टीवर निघालो तेव्हा सारंगने ती पिशवी रिकामी करून माझ्या हातात दिली. "आईंना सांग, भरून पाठवा. अस्तरच हवं."

मी घरी सगळं सांगितलं. आई बराच वेळ पिशवीची घडी घालत बसली. आता आळीत कुणी माझी चौकशी केली की ती म्हणते, "जहाज पोरगा उचलतो. पण आधी माझ्या कारखान्यातल्या कापडाला विचारतो."