लॅपटॉपचं जुनं झबलं

तीन दिवस माझा लॅपटॉप झोपत नव्हता. झाकण मिटलं की पडदा काळा व्हायचा, पण आत पंखा घरघरतच राहायचा आणि पिशवीत लॅपटॉप तव्यासारखा तापायचा. बॅटरी, धूळ, गेवराईची लाईट, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या होत्या.

त्या दुपारी बाळंतपणाला आलेल्या बहिणीची तान्ही लेकही झोपेना. आई बहिणीला म्हणाली, "नवं झबलं टोचतंय लेकराला. जुनं घाल." जुनं मऊ झबलं अंगात गेलं आणि भाची झोळीत गपगार झोपली.

मी ताडकन उठलो. रविवारी मीच तर अपडेट मारलं होतं! सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा आला होता. लॅपटॉप बंद करून चालू केला, सुरू होताना दिसणाऱ्या यादीतून जुना कर्नल निवडला आणि झाकण मिटलं. पंखा थांबला! दिवा संथ लुकलुकायला लागला.

"झोपला! आई, झोपला!" मी घर डोक्यावर घेतलं.

झोळीतून टाहो फुटला.

आईनं भाची उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "आता हिलाबी तूच झोपीव," ती म्हणाली. "याहून जुनं झबलं न्हाई आपल्याकडं."