भागीरथीनं बघून ठेवलेलं कॉलेज

शहापूरच्या दवाखान्यात माझी बायको भागीरथी शेवटचं बोलली ते एवढंच, "पोरीचं काय ठरलं?" मी म्हटलं, आधी तू बरी हो. तर म्हणते, "मी बरी होवो न होवो, कॉलेज थांबायचं नाय." मी आंघोळीपुरता घरी आलो आणि मुलाचा फोन... गेली. त्याला आता दोन महिने होत आले.

आमची नात सुप्रिया बारावी झाली. तिला कॉम्प्युटरचं शिकायचं होतं आणि दोन ठिकाणी नंबर लागत होता. एक मुंबईचं, जुनं, नावाजलेलं. दुसरं वाशिंदच्या बाजूचं, नवीन, रोज घरी येता येईल असं. मी चार बुकं शिकलेला माणूस. सरळ सांगितलं, जवळचं घ्या. बटण मुंबईत दाबा नायतर वाशिंदला, अक्षर तेच उमटणार. नावाचं काय लोणचं घालायचं? भागीरथी म्हणाली, "आधी घर बघून येऊ."

आमच्याकडे लेक द्यायची तर बायका आधी मुलाचं घर बघून येतात. भागीरथी ओटीवर बसायची नाय. पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या दारी जायची आणि त्या घरच्या सुनेशी बोलायची. कॉलेजातही तेच केलं. जवळच्या कॉलेजात सरांनी चहा दिला, कॉम्प्युटरची काचेची खोली दाखवली. ही नळावर पोरींना विचारते, "कॉम्प्युटरला हात लावू देतात काय गो?" "देतात ना आजी, परीक्षेला," म्हणून पोरी हसल्या. मुंबईत वॉचमननं आत सोडलंच नाय, तर गेटाबाहेर बसून राहिली. तिथं मुरबाडकडची एक पोर भेटली. म्हणाली, "बाजूची पोरं एवढी पुढं असतात की आपल्याला पळावंच लागतं. पण पहिल्या वर्षी लय रडले, आजी."

येताना भागीरथी म्हणाली, "मुंबईचं घर चांगलं हाय. पण सासुरवास हाय." मग पोरीला कशाला ढकलतेस, मी खवळलो. तर म्हणते, "ज्यांच्या बापाला चार लोक ओळखतात त्यांना कुठलं पण कॉलेज चालतं. डोळखांबच्या बाहेर आपल्याला कोण ओळखतो? पोरीला कुणाचं तरी नाव लागंल."

प्रवेशाची शेवटची तारीख नेमकी दहाव्याच्या आत आली. भावकी म्हणाली, सुतकात असलं काम करू नये. मी म्हटलं, जिचं सुतक पाळताय तिनंच घर बघून ठेवलंय, पोर जाईल. गेली मुंबईला.

परवा तिचा फोन. रडत होती. "आबा, सगळे केवढे पुढं हायत. मला काय कळतच नाय. मी परत येते." नाव कॉलेजचं आणि रडणं आमच्या पोरीचं. आमची लेक सासरहून रडत आली की भागीरथी तिला राहा म्हणायची नाय आणि जा पण म्हणायची नाय. पडवीत बसवून डोक्याला तेल घालत राहायची, लेक बोलून मोकळी होईस्तोवर. ती बाटली अजून कोनाड्यात हाय. बूच चिकट हाय, मी पुसलेलं नाय.

म्हटलं, "रविवारी ये. तेल मी घालतो. पुढचं काय ते तू ठरव."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. "वेणी येते काय आबा तुमाला?"

"नाय. ती तुझी तू घाल."