ते हॉटेल बंद पडलं नव्हतं

ब्रुकलिन पार्कमधलं ते लाओ हॉटेल बंद पडलं, असं मी २००४ साली बायकोला सांगितलं. ते बंद पडलेलं नव्हतं. तिथे जायला मला तोंड उरलं नव्हतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

तेव्हा आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होतो. पुण्याच्या कंपनीने मला तिथल्या एका मोठ्या ऑफिसात पाठवलं होतं, ऑनसाइट कोऑर्डिनेटर म्हणून. म्हणजे तिथल्या माणसाचं काम शिकून घ्यायचं आणि पुण्यातल्या मुलांना शिकवायचं. याला आम्ही केटी म्हणायचो, नॉलेज ट्रान्सफर. शिकून झालं की तिथल्या माणसाची गरज उरत नसे. हे आम्हाला माहीत असायचं. त्यांना बहुधा नसायचं.

मी ज्याच्याकडून शिकत होतो तो पन्नाशीचा लाओ, म्हणजे लाओस देशातला, गृहस्थ होता. तरुणपणी नदी ओलांडून थायलंडच्या निर्वासित छावणीत आणि तिथून मिनेसोटात आलेला. बिलिंगची एक जुनी सिस्टिम त्याने एकोणीस वर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळली होती. महिनाअखेरीचा जॉब, म्हणजे सगळी बिलं काढणारा प्रोग्रॅम, कुठे अडकतो, का अडकतो, हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. ते त्याच्या डोक्यात होतं, थोडंफार एका वहीत. शिकवताना त्याने हातचं काही राखलं नाही.

हॉटेल त्याच्या थोरल्या बहिणीचं. सहा-सात टेबलं, शेजारी टायरचं दुकान. एका शुक्रवारी दुपारी तो मला तिथे घेऊन गेला. भात बांबूच्या छोट्या टोपलीत आला, चांगलाच चिकट. त्याचा बोटांनी लहानसा गोळा करायचा, चटणीत बुडवायचा आणि खायचा. बहिणीने माझ्यापुढे काटा आणून ठेवला. मी तो बाजूला सारून हातानेच सुरुवात केली, तशी ती भावाला काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, याला घरच्यांनी नीट वाढवलंय," तो हसून म्हणाला.

ऑफिसच्या कॅफेटेरियात डब्यातली पोळीही काट्याने तोडणारा माणूस मी. अमेरिकेत चारचौघांत हाताने जेवताना मला पहिल्यांदा संकोच वाटला नाही.

मग बायकोला नेलं. ती शाकाहारी. तिथे कच्च्या पपईची कोशिंबीर मिळते, मिरच्या घालून खलात कुटलेली, पण तिच्यात आंबवलेल्या माशाचं पाणी असतं. बहिणीने तसं आधीच सांगितलं आणि त्या दिवशी बायको नुसता भात आणि उकडलेल्या भाज्या जेवली. पुढच्या वेळी गेलो तर काउंटरवर एक कोरा खल ठेवलेला.

"याला मासा लागलेला नाही," तो म्हणाला. "हा फक्त तुझ्या बायकोचा."

बायकोने पहिला घास घेतला, डोळे पुसले. "अरे, ही आपली कोशिंबीरच आहे. फक्त चिडलेली." मग दुसरी प्लेट मागवून मला म्हणाली, "बघ, परक्या बाईने माझ्यासाठी खल आणला. तुझ्या आई सुरमईच्या कालवणातलाच डाव माझ्या वरणात घालायच्या." ते खरं होतं.

त्यानंतर दर दोन-तीन शनिवारी आम्ही तिथे असायचो.

मार्चमध्ये एका मीटिंगमध्ये मला एक एक्सेल शीट दाखवली. त्याच्या नावापुढे जूनमधली एक तारीख होती. मॅनेजर म्हणाला, हे या खोलीबाहेर जाता कामा नये. मी मान डोलावली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, आम्ही जेवत होतो. बायको उठून काउंटरपाशी गेली होती, बहीण खलात काय काय घालते ते बघायला. टेबलाशी आम्ही दोघंच. तो म्हणाला, सेंट पॉलच्या एका विमा कंपनीत त्याला नोकरी मिळते आहे. असंच काम, अशीच जुनी सिस्टिम. सोमवारपर्यंत कळवायचं आहे.

"तू ज्या मीटिंगांना बसतोस तिथे मला बोलवत नाहीत," तो म्हणाला. "म्हणून तुला विचारतो. जाऊ की राहू?"

"राहा," मी म्हटलं. "तुझ्याशिवाय ती सिस्टिम चालवणार कोण?"

आता खरं लिहितो. ऑफिसचं गुपित होतं, व्हिसा कंपनीच्या हातात होता, ग्रीन कार्डाची फाइल अडकलेली होती. ही कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. ती खोटी नाहीत, पण ती गप्प बसण्याची कारणं आहेत. मी गप्प बसलो नाही. "मला यावर बोलता येणार नाही" एवढं म्हटलं असतं तरी त्याला पुरलं असतं. छावणीतून आलेल्या माणसाला एवढ्यावरून कळतं. मी "राहा" म्हटलं, कारण महिनाअखेरीचा तो किचकट भाग मी अजून शिकलो नव्हतो. तो तेव्हाच गेला असता तर केटी अर्धवट राहिली असती आणि खापर माझ्यावर फुटलं असतं.

त्याने बहिणीला हाक मारून काहीतरी सांगितलं. तिने हसत आणखी एक टोपली भात आणून ठेवला. मी तो खाल्ला.

गाडीत बायको म्हणाली, "एवढा खूश का होता रे तो?"

"दुसरीकडची ऑफर होती. नाही म्हणणार आहे."

"बरं झालं. नाहीतर आपल्या पपईचं काय?"

जूनमध्ये एका गुरुवारी सकाळी त्याला एचआरने बोलावलं. मी काचेच्या खोलीत पुण्याशी फोनवर होतो. तो आपल्या सामानाचा खोका घेऊन जाताना दिसला. मी फोन म्यूटवर टाकला, पण उठलो नाही. जागेवर आलो तर त्याची वही माझ्या टेबलावर ठेवलेली होती.

पहिल्याच महिनाअखेरीला जॉब अडकला. वहीत ती अडचण नव्हती. पुण्यातल्या मुलांनी हात टेकले, मीही टेकले आणि हॉटेलात फोन लावला. फोन त्यानेच उचलला. आता तोच तिथे ऑर्डरी घेत होता. कुठली फाइल, कुठली पायरी, सगळं त्याने दहा मिनिटांत सांगितलं. मी लिहून घेतलं. मग तो म्हणाला,

"एक विचारू? त्या शनिवारी तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

"बहीण म्हणते, माहीत असणारच. मी तिला सांगतो, असतं तर तो बोलला असता." आणि पुढे म्हणाला, "बायकोला घेऊन ये. बहीण तिची आठवण काढते."

मी गेलो नाही. बायको दर शनिवारी विचारायची. "त्याची नोकरी गेली म्हणून आपण तोंड फिरवायचं का? उलट आताच जायला हवं." एकदा तिने गाडीची किल्लीच हातात घेतली. तेव्हा मी म्हटलं, "अगं, बंद पडलं ते."

"असं कसं? आणि आपल्याला कळवलं पण नाही?"

ती खरोखर दुखावली. अजूनही मध्येच म्हणते, माणसं चांगली होती पण जाताना सांगून गेली नाहीत. मी खोटं बोललो आणि ठपका त्यांच्यावर बसला.

मेपल ग्रोव्हच्या देवळात जाताना त्या हॉटेलची पाटी दिसायची. चार वर्षं मी तिला लांबच्या रस्त्याने नेलं. "इकडून का रे?" "तिकडे काम चालू आहे." मिनेसोटात उन्हाळ्यात रस्त्यांची कामं सगळीकडेच चालू असतात, त्यामुळे ते खपून गेलं. हिवाळ्यात मी बर्फाचं निमित्त करायचो. केटी वेळेत पूर्ण केल्याबद्दल कंपनीने सगळ्यांना ईमेल पाठवून माझं कौतुक केलं. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि २००८ मध्ये आम्ही न्यू जर्सीला, पार्सिपनीला आलो.

हे लिहिलेलं सगळ्यात आधी बायकोला वाचायला देणार आहे. ती काय म्हणेल ते मी ऐकून घेईन.

त्याची ती नोकरी जाणारच होती, मी ती वाचवू शकलो नसतो. सेंट पॉलची नोकरी मात्र माझ्या एका शब्दामुळे गेली. त्याने मला दोनदा सरळ विचारलं आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो. मला माहीत होतं आणि त्याची बहीण म्हणत होती तेच बरोबर होतं, हे त्या दोघांना समोर बसून सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.