मैनेला विचारायला लावणाऱ्या मॅडम

दोन हजार बावीस साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा होतो, तेव्हा रेखा मॅडम आमच्या गावच्या शाळेत होत्या. पुढं त्यांची बदली झाली. बाई सांगलीकडच्या, अंगानं किरकोळ, पण एक खोड भारी. पोरानं काही विचारलं की उत्तर द्यायच्या नाहीत. "मला नको विचारू, तिला विचार," म्हणायच्या. ती म्हणजे मैना, माझी पांढरी घोडी.

मैना वरातीची. आमच्या वाशीम जिल्ह्यात, शिरपूर-मालेगावकडं तिचं नाव होतं. बँड सुरू झाला की पुढचे पाय उचलून नाचायची. लोक म्हणत, "नवरदेव बदलला तं चालीन, पन घोडी याहीचीच पायजे." मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण तो नाच मी शिकवलेला, म्हणून गावातून मान वर करून चालायचो.

मॅडम पहिल्यांदा घरी आल्या त्या माझ्याशी बोलायच्या आधी घोडीपुढं उभ्या राहिल्या. हात लावला नाही. मैनेनं हुंगून घेईस्तोवर थांबल्या. मग म्हणाल्या, "बाबा, लग्नसराई संपलीय. दर शुक्रवारी मैनेला शाळेत आणाल?"

"नाचवाले?"

"शिकवायला."

मला हसू आलं. "मॅडम, मले दोन वर्गांत मास्तराले शिकोता नाही आलं. हे घोडी काय शिकोते?"

"मला नका विचारू, तिला विचारा."

बाईला नाही म्हणणं जमलं नाही. शाळेत नाचायचं नव्हतं, म्हणून लगाम घरी खुंटीलाच राहायचा. तोंडात काही न घालता, नुसत्या डोक्याला बांधलेल्या म्होरकीच्या दोरानं मी मैनेला न्यायचो. पहिली-दुसरीची पोरं पाळीपाळीनं पाठीवर बसत. एका घोडीचे पाय चार, दोन घोड्यांचे आठ, असा पाढा मैदानाच्या कडेपर्यंत चाले. टापांच्या तालावर कविता म्हणत. हरभरा तागडीत घालून मैनेचं जेवण मोजत. कार्तिकी नावाची पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती. तिला पाठीवर बसवून मॅडम म्हणाल्या, "मैनेला वाशीमला जायचंय. कुणीकडं वळवशील?" कार्तिकीनं आभाळाकडं बघितलं. "डोयावर ऊन येते तिकडं," म्हणाली. सकाळची वेळ होती आणि वाशीम आमच्या गावाच्या उगवतीला; पोरीचं बरोबर होतं. त्यानंतर ती बोलायची थांबलीच नाही.

माझी छाती आणखी फुगली. एका शुक्रवारी मॅडम पोरांना वय मोजायला शिकवत होत्या. मला राहवलं नाही. "जनावराचं वय दातात असते. या, दाखोतो," म्हणत मी पुढं झालो आणि मैनेची जीभ बाजूला ओढून जबडा उघडला.

पोरांनी दात बघितले. कार्तिकीनं जीभ बघितली. "आबा, हे काहून अशी चिरली?"

जिभेच्या दोन्ही कडांना खाचा पडल्या होत्या. जबडा रोज माझ्या हाताखालचा, पण मी कधी नीट बघितलं नव्हतं. नाच असाच येतो. लगामाला तोंडात जाणाऱ्या जागी काटे असतात. दोर ओढला की घोडी पाय उचलते. लोक टाळ्या वाजवतात.

"चाऱ्यातलं उसाचं धांडं लागलं असन," मी म्हणालो.

पोरगी मॅडमकडं वळली. "मला नको विचारू, तिला विचार," त्या म्हणाल्या, पण हळू.

कार्तिकी मैनेच्या कानाशी गेली. "कोनं केलं वं?"

मैनेनं मान वळवून सवयीनं माझ्या खिशात नाक खुपसलं. तिथं गूळ असायचा. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

शाळा सुटल्यावर मीच बोललो. "मॅडम, काटा काढला तं हे नाचनार नाही. मंग मले कोन बलावते? दिवाळी झाली, तुयशीचं लग्न लागलं का वराती सुरू; त्याहीचे पैसे घेऊन बसलो मी."

"मला सांगू नका, बाबा. विचारलं कार्तिकीनं आहे." एवढं बोलून त्यांनी मैनेच्या मानेवरून हात फिरवला आणि वर्गाला कुलूप लावायला गेल्या.

घरी आलो तर कार्तिकी माझ्या आधी पोचलेली. मैनेच्या गव्हाणीत वाकून उसाची धांडं पानांसकट वेचून बाहेर फेकत होती. हाताला पानांचे ओरखडे उमटलेले. "आबा, हे नका टाकत जाऊ. लागते इले."

मी हो म्हणालो. तिच्याकडं बघून म्हणता आलं नाही. साऱ्या गावात वर असलेली मान त्या सात वर्षांच्या पोरीपुढं उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेला मी खुंटीवरचा लगाम काढून सोबत घेतला आणि मैनेला म्होरकीनंच नेलं. मॅडम फळ्यापाशी होत्या. मी पोरांत खाली बसलो आणि लगाम कार्तिकीच्या तळहातावर ठेवला. तिनं काट्याला बोट लावलं, झटकन मागं घेतलं आणि उठून दाराबाहेर मैनेकडं निघाली.

"तिले नको इचारू, माय," मी म्हणालो. "मले इचार."