यान मागे वळलं की पुढे गेलं

अंबरनाथच्या आमच्या चाळीत एखाद्या रविवारी दुपारी सगळे मिळून भाड्याने व्हीसीआर आणायचे. मी तेव्हा बारावी सायन्सला होते. त्या रविवारी बदलापूरची आत्या माझ्यासाठी स्थळ घेऊन आली होती. तिचं बोलणं सुरू होण्याआधीच शेजारपाजारचे आमच्या खोलीत येऊन बसले.

उल्हासनगरच्या दुकानदाराने हिंदी पिक्चरच्या डब्यात भलतीच कॅसेट घातली होती. लावली तर इंग्रजी. जुना, टीव्हीसाठी काढलेला पिक्चर. अंतराळात निघालेलं यान, आत चार माणसं आणि त्यांची कॅप्टन एक बाई.

लोक कुरकुरायला लागले. वडील म्हणाले, "तुला कळतंय ना? मग सांग की आम्हाला."

मी टीव्हीशेजारी जाऊन उभी राहिले. इंग्रजी निम्मंच कळत होतं, पण चेहरे बघून उरलेलं जुळत होतं. आवाज कमी केला आणि सांगायला लागले. यानाचं दार लागलं की पुठ्ठ्याची भिंत हलायची. वडील विजेचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत होते, ते हसून म्हणाले, "आमच्या कंपनीचे मीटर लावलेत वाटतं आत." दर थोड्या वेळाने पडदा काळा व्हायचा, मग लाइट गेली की काय म्हणून लोक दिव्याकडे बघायचे. तिकडे परदेशात टीव्हीवर त्या जागी जाहिराती लागत असणार, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं. मी म्हणाले, "थांबा, आहे अजून."

हळूहळू कुरकुर थांबली. शेवटाकडे पृथ्वीवरून निरोप आला, परत फिरा. बाकीच्यांना घर आठवत होतं. कॅप्टनने यान वळवायच्या दांड्यावर हात ठेवला, आणि एकदम बँड वाजायला लागला. पडद्यावर कुणाचं तरी सिंधी लग्न. दुकानदाराने कॅसेटच्या शेवटावर वरात टेप केली होती.

"पुढं काय झालं?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. पण माझं म्हणाल तर ती पुढे गेली."

"का? माणसं वाट बघत असतील घरी," आत्या म्हणाली.

"एवढं लांब आल्यावर न बघताच परतायचं, आत्या?"

त्यावर जो वाद पेटला तो चहा होईपर्यंत चालला. काकू माझ्या बाजूने, आई आत्याच्या बाजूने. पडद्यावर नवरदेव घोड्यावरून उतरला, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सगळे गेल्यावर आत्या वडिलांना म्हणाली, "पोरगी फार बोलते, दादा. मुलाकडच्या लोकांना काय सांगू मी?"

"सांग, शिकतेय. बोलण्यासाठीच शिकवलंय तिला," वडील म्हणाले. आईने चहाच्या कपबशा गोळा केल्या. मग म्हणाली, "बीएस्सी होऊ दे आधी."

स्थळ तिथेच राहिलं. मला वाईट वाटलं नाही, घाबरायलाही झालं नाही. खोलीभर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि माझा आवाज एकदाही अडखळला नव्हता, एवढंच डोक्यात घोळत होतं.

उल्हासनगरच्या कॉलेजातून बीएस्सी झाले, मग बीएड. नव्वदच्या पुढे बदलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा पहिल्या तासाला आवाज अडखळेल असं सगळे सांगत होते. अडखळला नाही. आत्याच्या घरापासून शाळा जवळ होती. दुपारी मी तिच्याकडेच जेवायचे, आणि आज वर्गात काय सांगितलंस, हे ती मला वाढता वाढता विचारायची.