रस्त्यावरचं सोयाबीन

रस्ता आधी चालणाऱ्याचा, मग गाडीचा, हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकवलं की वाशीमच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसातले लोक माझ्या पाठीमागे माझीच नक्कल करायचे. मीटिंग पुलाची असो की नालीची, मी फिरून फिरून फूटपाथवर यायचो. साहेब वैतागायचे, त्यांच्यावर मी वैतागायचो. आपलंच खरं म्हणायची खोड मला लहानपणापासूनची.

माझी मोठी बहीण मेडशीला राहते. घर रस्त्याला लागून, समोरच शाळा. तिची नात रोज तो रस्ता ओलांडते. ताईने मला आयुष्यात एकच काम सांगितलं होतं. शाळेपुढे एक ब्रेकर टाकून दे.

बहिणीचं काम म्हणून मी जरा जास्तच नियमाने वागलो. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी वेग मोजायचं यंत्र घेऊन दोन दिवस शाळेजवळच्या लिंबाखाली बसलो. गाड्या शहाण्यासारख्या हळूहळू चालल्या होत्या. अर्ध्या रस्त्यावर गावाने सोयाबीन वाळत घातलं होतं, कडेने दगड लावून. ते दगड पाहिले की माझं डोकं फिरायचं. लोक सोयाबीन उचलून नेतात, दगड तिथेच सोडतात, आणि संध्याकाळी कुणीतरी मोटरसायकलवाला त्यावर चढतो. अशी माणसं मी दवाखान्यात जाऊन पाहिलेली होती.

अहवालात मी लिहिलं की वाहनांचा वेग मर्यादेत असल्याने गतिरोधकाची आवश्यकता नाही. त्याच्या खालच्याच परिच्छेदात लिहिलं की रस्त्यावर धान्य वाळवणं तात्काळ बंद करावं. खाली झोकदार सही केली. नात्याकडे पाहिलं नाही याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पुढच्या हंगामात ग्रामपंचायतीने भोंग्यावरून बजावलं. लोकांनी कुरकुरत सोयाबीन गच्च्यांवर आणि शेतात नेलं. त्याच आठवड्यात ताईच्या नातीला शाळेपुढे एका पोराच्या मोटरसायकलने उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा माझ्या डोक्यात त्या पोराच्या मोटरसायकलबद्दलचं भाषण तयार होतं. ताईने ते सुरूच होऊ दिलं नाही.

"बाकी साल मी पोरीले हात धरून नेतो," ती म्हणाली. "सोयाबीनच्या दिवसातच तिले एकटी सोडत होती. गाड्या हळू राह्यते म्हून. तू ते बी उचलाले लावलं."

मला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. मी ज्या गाड्या मोजल्या त्यांना सोयाबीनने हळू केलं होतं. तेच सोयाबीन मी काढायला सांगितलं होतं. दोन्ही वाक्यं एकाच पानावर, एकाखाली एक. इतकी वर्षं रस्ते वाचले म्हणणाऱ्याला स्वतःचं पान वाचता आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

निवृत्तीनंतर मीच ब्रेकरसाठी पुन्हा अर्ज केला, तर नव्या साहेबांनी फाइलीतून माझाच अहवाल काढून माझ्यापुढे ठेवला. तज्ज्ञांनी गरज नाही म्हटलंय, ते म्हणाले, आणि सही माझी आहे का ते विचारलं. मी हो म्हटलं. फेरमोजणीचा अर्ज देऊन आलो. तो अजून तिथेच आहे.

यंदा सोयाबीन निघालं तेव्हा मी ताईकडेच होतो; गावातले दोघं-तिघं ओसरीवर आले. रस्त्यावर टाकू का नको, म्हणाले, तुमीच सांगा. हो म्हणावं तर मला ते दगड दिसत होते आणि नाही म्हणावं तर पोरीचा पाय. मी दगड उचलण्याबद्दल काहीतरी लांबलचक बोललो. ते एकमेकांकडे पाहत निघून गेले. मी हो म्हणालो की नाही, हे मलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या पाठीत उसण भरली होती, म्हणून नातीला शाळेत सोडायला मी गेलो. ती अजून जराशी लंगडते. कडेला येऊन तिने माझं बोट धरलं.

"आबा, आता जाऊ का?"

मी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. रस्ता दोन्हीकडून रिकामा होता. शाळेची घंटा झाली, तरी माझ्या तोंडून "चल" निघेना.